कुंपणाच्या आंत व बाहेर

अब्राहामानें परक्या मुलुखांत आपल्या पत्नीस पुरण्यासाठीं मकपेलाचें शेत रोख मोल देऊन घेतलें. आपल्या माणसांनीं आपल्यापाशीं निजावें, ही इच्छा इतकी जुनी आहे, आणि ती निर्दोषही आहे. परंतु 'आपलीं माणसें' कोण, हें कोणीं ठरवावें? अमेरिकेच्या दक्षिण भागांतील एका कौटुंबिक कबरस्थानाच्या इतिहासावरून आम्ही ह्या प्रश्नाचा विचार करूं.

व्हर्जिनिया संस्थानांत मॉन्टिसेलो नांवाच्या टेकडीवर थॉमस जेफरसन ह्यांचें घर व मळा होता. सर्व मनुष्यें जन्मतः समान आहेत, असें 1776 सालच्या जाहीरनाम्यांत लिहिणारे ते हेच. बालपणीं त्यांचा व डॅब्नी कार ह्या मित्राचा करार होता कीं, जो आधीं मरेल त्यास दुसऱ्यानें तेथील एका ओक वृक्षाखालीं पुरावें. कार 1773 सालीं वारले. जेफरसन ह्यांनीं शब्द पाळिला, व कबरस्थानास आरंभ झाला. 1826 सालीं तेही तेथेंच पुरले गेले. पुढें कर्जापायीं घर विकावें लागलें, तरी वंशजांनीं कबरस्थान राखिलें. 1913 सालीं स्थापिलेलें त्यांचें मंडळ त्याची व्यवस्था पाहतें.

जेफरसन ह्यांनीं हयातींत 600 हून अधिक गुलाम बाळगिले. ते मेल्यावर कर्ज फेडण्यासाठीं 1827 सालीं 130 जण लिलावास काढिले गेले. गुलामांचे मृत कुंपणाबाहेर, दूर झाडींत पुरले जात. 2001 सालीं संशोधकांनीं तेथें सुमारें 40 कबरी ओळखिल्या. त्यांजजवळच पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहत असत. एकाही कबरीवर नांव नाहीं.

ह्या गुलामांत सॅली हेमिंग्स ह्या होत्या. त्या 1835 सालीं वारल्या. त्यांची कबर कोठें आहे, हें कोणासच ठाऊक नाहीं. त्यांच्या मुलांचे पिते जेफरसनच असावेत, असा निर्णय 1998 सालच्या आनुवंशिक तपासणीनंतर, 2000 सालीं, मॉन्टिसेलो सांभाळणाऱ्या संस्थेनें दिला. तथापि 2002 सालीं वंशजांच्या मंडळानें बहुमतानें सॅलींच्या वंशजांस सभासदत्व, व त्याबरोबर तेथें पुरले जाण्याचा हक्क, नाकारिला. पुरावा पुरेसा नाहीं, असें त्यांचें म्हणणें.

कुळानें पुरावा मागूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. पण पुरावा लिहून ठेवण्याचें काम कोणाच्या हातीं होतें? जेफरसन ह्यांच्या शेतीच्या वहींत गुलामांचे जन्म आहेत, वांटलेलीं कांबळीं आहेत, धान्याचा शेर आहे. सॅलींच्या मुलांच्या बापाचें नांव मात्र नाहीं. लेखणी धन्याची, वही धन्याची. आणि कोऱ्या राहिलेल्या जागेचा दोष गुलामाच्या नातवंडांवर! धनकोनें दस्तऐवज दडवून ऋणकोपाशीं पावती मागावी, त्यांतलाच हा न्याय होय. जो स्वतः सत्य लिहीत नाहीं, त्याच्या घराण्यास सत्याच्या अभावाचा लाभ घेण्याचा अधिकार नाहीं.

वाचकहो, मृतांस कुंपण दिसत नाहीं. तें जिवंतांसाठीं असतें. म्हणून कबरस्थानांत जातांना आंत कोण निजले आहेत एवढेंच विचारूं नये. बाहेर कोण ठेविले गेले, व त्यांचीं नांवें कोणीं लिहावयाचीं राहूं दिलीं, हेंही विचारावें. जेथें वही आपल्या हातीं आहे, तेथें नांव आजच लिहावें.