जुळवून घेणाऱ्यांचे गाणे

जुळवून घेणे हा आपल्याकडे मोठा गुण मानला जातो. सासरी निघालेल्या मुलीला आणि परगावी नोकरीस निघालेल्या तरुणाला वडीलधारी मंडळी हाच उपदेश करतात. परंतु एकाने जुळवून घेतले म्हणून दुसऱ्याची जबाबदारी संपते काय? शहरवासी झालेल्या रानपक्ष्यांच्या संदर्भात हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

नेदरलँड्समधील लायडन शहरात वल्गुली कुळातील एका लहान पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. रहदारीची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि त्या पट्टीतले सूर तिच्यात बुडून जातात. गोंगाटाच्या वस्तीतील नर आपले गाणे वरच्या पट्टीत ठेवतात, असे या अभ्यासात आढळले. जोडीदार मिळवायचा आणि आपली हद्द राखायची, तर गाणे ऐकू जाणे भागच असते. या चातुर्याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या कौतुकात आपल्या सुटकेचा निःश्वासही मिसळलेला असतो. पक्षी निभावून नेत आहेत, मग आपण बदलण्याचे कारण काय?

या युक्तिवादाची परीक्षा २०२० साली अनपेक्षितपणे झाली. कोविडच्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रहदारीचा आवाज १९५०च्या दशकातील पातळीपर्यंत उतरला. तेथील पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या डोक्याची एक चिमणी पूर्वीपेक्षा हळू गाऊ लागली. दबलेले खालचे सूर तिच्या गाण्यात परतले. आणि आवाज कमी करूनही ते गाणे दुपटीहून अधिक अंतरावर पोहोचू लागले. एरवीच्या चढ्या सुराला पक्ष्याची पसंती मानणे किती चुकीचे होते, हे त्या वसंतात कळले. तो सूर म्हणजे नाइलाजाने भरलेला कर होता.

शिवाय हा कर भरणे ज्यांना जमले, तेवढेच पक्षी आपल्याला दिसतात. ज्यांचा कंठ वर चढत नाही, ते निमूटपणे निघून जातात. त्यांची तक्रार कोठेही नोंदली जात नाही. म्हणून टिकून राहिलेल्यांची साक्ष काढून शहराला निर्दोष ठरवणे न्याय्य नव्हे.

यासाठी शहरे ओस पाडावी लागत नाहीत. विनाकारण वाजणारा भोंगा थांबवणे एवढे तरी माणसाच्या हाती असते. जुळवून घेण्याचा थोडा वाटा बलवानानेही उचलावा, इतकीच ही अपेक्षा आहे.