पूर्वजांशी देव बोलला नव्हता काय?

नवे भात घरी आले म्हणजे कणसरी मातेचे स्मरण केल्यावाचून त्यास तोंड लावू नये, अशी जव्हार तालुक्यातील वारली घरांत वडिलांपासूनची चाल आहे. जामसरसारख्या गावी अशा घरातून प्रभूकडे आलेला मनुष्य उपदेशकास विचारतो, "येशूमध्ये देवाचे प्रगटीकरण पूर्ण झाले म्हणता, मग आमच्या आजापणज्यांशी देव काहीच बोलला नाही काय?" हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हे. त्यात त्याचे मेलेले आईबाप आहेत.

"सगळा अंधारच होता," हे उत्तर सोपे. "सगळे एकच," हे त्याहून सोपे. आमच्या मते दोन्ही शास्त्राला धरून नाहीत. इब्री लोकांस पत्राचा आरंभच असा आहे की, पूर्वीचे बोलणे अंशाअंशाने आले व शेवटले पुत्राच्या ठायी आले. तेथील संदेष्टे इस्राएलाचे आहेत, हे खरे. परंतु लुस्त्र येथे मूर्तिपूजक लोकांपुढे बोलताना पौलाने एकाही संदेष्ट्याचे नाव घेतले नाही. देवाची साक्ष म्हणून त्याने पाऊस व पीकपाणी दाखविले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 14). तथापि साक्ष निराळी आणि पूर्ण प्रगटीकरण निराळे. देणारा उदार आहे एवढे पिकावरून कळते. तो पाप्यासाठी मरण सोसील, हे कोणत्याही शेतावरून कळत नाही. संदेष्ट्यांनी निरोप आणला; येशू स्वतःच निरोप आहे.

राबातले रोप उपटल्यावाचून आवणी होत नाही. पण उपटलेले रोप कोणी बांधावर फेकीतही नाही. धान्याबद्दलची कृतज्ञता हे रोप होय. भगताच्या कौलाचे भय, एखाद्या अनाथ विधवेस भुताळी ठरविणे, हे तण; ते कोणी नव्या शेतात लावीत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) म्हणत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे बोलणे आम्हांस मोलाचे वाटते. मात्र ते पुरते ऐकावे. पूल हाच पैलतीर असता, तर 1895 साली बाप्तिस्मा घेऊन पत्नी लक्ष्मीबाईंचा कित्येक वर्षांचा वियोग त्यांनी कशाला सोसला असता?

राहिले मेलेले आईबाप. त्यांचा न्याय उपदेशकाकडे सोपविलेला नाही. ज्याने त्यांच्या शेतावर पाऊस पाडला, त्याच्याकडे तो आहे. असे स्पष्ट सांगावे. नव्या भाताची पहिली पाटी त्या घराने उपासनेत आणावी, आणि त्या दिवशी लुस्त्र येथील भाषण वाचावे.