जवळ जाण्याची अट

लासूर स्टेशनच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव खोळंबला होता. शेजारच्या ट्रॅक्टरवर एक तरुण मोबाइलवर अमेरिकेतली हरणाची शिकार बघत बसला होता. पोलिस भरतीची तयारी करणारा मुलगा, हत्यारांची माहिती बरीच. मला म्हणाला, "काका, यांच्याकडे एवढ्या भारी दुर्बिणीच्या रायफली, आणि हा बाबा पणज्याच्या काळातली लिव्हरची रायफल घेऊन रानात फिरतोय. नुसती हौस!"

ते 'नुसती हौस' मला खुपलं. माणसं एखादं हत्यार सव्वाशे वर्षं सोडत नाहीत, तेव्हा त्यामागे हौसेपेक्षा जास्त काहीतरी असतं.

काळविटाला हात लावता येत नाही, हे गंगापूर-वैजापूरकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे १९७२ चा वन्यजीव कायदा इथे उगाळत बसत नाही. मला बोलायचंय ते हत्याराबद्दल.

विंचेस्टर कंपनीची १८९४ ची रायफल जॉन ब्राउनिंगने घडवली. चापाभोवतीची कडी, म्हणजेच लिव्हर, खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, कडी वर घेतली की नवं नळीत जातं. अशा सत्तर लाखांहून जास्त रायफली बनल्या. हिच्या मर्यादेचं कारण तिच्या पोटातच आहे. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. गोळी टोकदार असेल तर हादऱ्याने तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर आदळून तिथेच बार उडण्याची भीती. म्हणून गोळ्या चपट्या तोंडाच्या. चपटी गोळी हवेत लवकर दमते, आणि जुन्या थर्टी-थर्टी काडतुसाचा भरवशाचा पल्ला दीडशे यार्डांच्या आसपास संपतो. या शतकाच्या पहिल्या दशकात हॉर्नाडी कंपनीने मऊ टोकाच्या गोळ्या आणून तो थोडा वाढवला, पण स्वभाव बदलला नाही. ही रायफल हातात असेल तर हरणाच्या जवळ जावंच लागतं.

आणि मला महत्त्वाचा वाटतो तो हाच फरक: लांबून मारणं वेगळं, जवळ जाणं वेगळं. पाचशे यार्डांवरून मारणाऱ्याला वारा, उतार आणि गोळीचा घसरता मार्ग कळावा लागतो. जवळ जाणाऱ्याला हरीण कळावं लागतं. ते चरतं कधी, रवंथ करतं कुठे, कान कोणत्या बाजूला फिरवतं, आपला वास त्याच्याकडे जातोय का. पहिल्याचं ज्ञान गोळीबद्दल आहे, दुसऱ्याचं जनावराबद्दल.

त्या मुलाने याला चोख उत्तर दिलं. "काका, हरणाला काय फरक पडतो? चांगल्या दुर्बिणीने नेम धरला तर ते जागेवर पडतं. तुमच्या जुन्या बंदुकीने जखमी होऊन पळतं आणि नाल्यात तडफडत मरतं." हे झटकून टाकता येत नाही. त्याहून जुन्या ठासणीच्या बंदुकीत तर दारू ठासून, टोपी चढवून दुसरा बार तयार होईपर्यंत जखमी जनावर शिवार ओलांडून जातं. पण दुर्बीण आली की माणूस आपल्या हाताला झेपेल तेवढ्याच अंतरावर थांबत नाही, अंतर वाढवत नेतो. जखमी हरणं तिथेही होतात, फक्त जास्त लांब. एवढं म्हणून मी त्याचं म्हणणं अर्धं मान्य करतो, अर्धं ठेवून देतो.

जवळ जाण्याचा विषय निघाला आणि मला फासेपारधी आठवला. आमच्या मुलखात काळविटाच्या सर्वांत जवळ गेलेला माणूस तोच. बंदूक नाही, घोडा नाही. हातात फाशांची दोरी आणि आडोशाला शिकवलेला बैल किंवा गाय. बैलाच्या अंगाआडून पावलापावलाने सरकायचं, कळपाच्या वाटेवर फासे लावायचे आणि कळप तिकडे वळवायचा. बिलोरी दुर्बिणीतून जन्मभर न दिसणाऱ्या गोष्टी त्याला पायाखालच्या मातीत दिसत. अशाच पारध्यांचं ज्ञान संस्थानिकांनी चित्ते पकडायला आणि शिकवायला वापरलं. कोल्हापूरच्या दरबारी चित्त्यांनी काळविटांची शिकार होई आणि ती पाहायला इंग्रज पाहुणे येत. संस्थानिकाची ती शान ठरली. पारध्याच्या कपाळी १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. ते कायदे १९५२ पर्यंत गेले, संशय गेला नाही. अमेरिकेतल्या माणसाची जवळीक परंपरा म्हणून गौरवली जाते आणि आमच्याकडच्या माणसाची जवळीक पोलिस ठाण्यात हजेरी लावते, याचा मला राग येतो.

पण हा राग बाजूला ठेवून विचार करू लागलो, तर माझाच मुद्दा हातातून निसटू लागला. लिव्हर रायफल आवर घालते, असं मी धरून चाललो होतो. तिचा इतिहास वेगळंच सांगतो. १८६० ची हेन्री रायफल एकदा भरली की सोळा बार काढायची. त्या काळात तिच्याइतकं झपाट्याने चालणारं हत्यार शिकाऱ्याजवळ क्वचितच असेल. मांस आणि कातडं बाजारात विकणाऱ्यांच्या हाती अशा रायफली होत्या, आणि एकोणिसावं शतक संपता संपता अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आसपास उरली, असा अंदाज आहे. हत्यार हेच, लिव्हर हीच. मग हरणं वाचली कशाने? १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्यात नेणं बंद केलं. राज्यांनी हंगाम ठरवले, माणशी किती हरणं ते ठरवलं. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला. आज ती हरणं तीन कोटींच्या घरात आहेत.

हंगामात मोजक्याच हरणांची मुभा आहे म्हटल्यावर घाई कशाला? पेनसिल्वेनियात तर आपोआप भरणारी रायफल हरणाच्या शिकारीला अनेक दशकं चाललेलीच नाही. अशा ठिकाणी लिव्हर रायफल पुरेशी ठरली, मग आवडती ठरली. कायद्याने घाई संपवली आणि त्यानंतर हे हत्यार शांत वाटू लागलं. आवर लोखंडात नव्हता, तो बाहेरून आला.

आपल्याकडची गोष्ट हेच उलट बाजूने सांगते. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशभर काळवीट झपाट्याने घटलं, ते काही लांब पल्ल्याच्या रायफलींमुळे नव्हे. बंदुका बहुतेक साध्याच होत्या, बारा बोअरच्या दुनळ्या, पीक राखायला मिळालेल्या परवान्यांवरच्या. नवी आली ती जीप आणि तिच्यावरचा झोताचा दिवा. उजेडात खिळून उभ्या राहिलेल्या कळपापर्यंत गाडीच नेऊन सोडायची. जवळीक मिळाली, पण जनावर ओळखण्याची गरजच उरली नाही. म्हणजे अंतर कमी असणं हाही काही गुण नाही. त्या अंतरात पायी घालवलेला वेळ आणि शिकाऱ्याला कुणीतरी घालून दिलेला आकडा, या दोन गोष्टी सोबत असतील तरच जुन्या रायफलीला अर्थ आहे.

मग हा प्रश्न लासूरच्या शिवारात आणून उभा करावा लागतो. हरभरा वर आला की काळविटांचे कळप उतरतात. शेतकरी जुन्या साड्यांचं कुंपण बांधतो, झटका मशीन लावतो, थंडीत जागल करतो. लिलावाच्या गर्दीत "दोन-चार मारायची परवानगी द्या" हे वाक्य मी ऐकतो, आणि ते बोलणाऱ्याचा त्रास खरा आहे. तरीही आज मी त्याच्या बाजूने सही करणार नाही. अमेरिकेत बंदूक शांत झाली ती हंगाम आणि आकडा आल्यावर, आमची मागणी आकड्याआधीच बंदूक मागते. येवल्याजवळ ममदापूरला काळविटांसाठी राखीव क्षेत्र आहे, कर्जतला रेहेकुरी अभयारण्य आहे. पण कळप हद्दी पाळत नाहीत, ते आमच्या मक्यात आणि हरभऱ्यातही राहतात. अशा राखीव क्षेत्राबाहेरच्या कळपांची गावनिहाय, दरवर्षी, लोकांसमोर मोजणी व्हावी. तीत पारधी समाजातल्या जाणत्यांना पगार देऊन घ्यावं. नुकसानीचा पंचनामा पीक शेतात उभं असतानाच व्हावा, आणि भरपाई पुढच्या पेरणीच्या आत हातात पडावी. हे काही वर्षं चालू दे. मग त्या मुलाशी रायफलींवर वाद घालायला मी पुन्हा ट्रॅक्टरवर चढेन.