ऐकणे कोणी शिकावयाचे?

आपल्या भाषेत 'ऐकणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कानाने ग्रहण करणे हा एक, आणि सांगितलेले मुकाट्याने मानणे हा दुसरा. 'आमचा मुलगा मुळीच ऐकत नाही' असे आई म्हणते, तेव्हा ती त्याच्या कानांविषयी तक्रार करीत नसते. कोकणी घरातले 'आयकना' हेही त्याच अर्थाचे. 'बोलणे' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. वडील मुलाला बोलले म्हणजे रागावले. मूल वडिलांना बोलले तर तो उद्धटपणा! प्राथमिक शाळेत मुलांचे श्रवण आणि वाणी यांचा विकास कसा करावा, याची चर्चा हल्ली पुष्कळ होते. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' या राष्ट्रीय मोहिमेतही वाचन-लेखनाबरोबर मौखिक भाषेला स्थान मिळाले आहे. पण मूल बोलते व्हावे असे आपणांस खरोखरच वाटते काय, की आपलेच बोलणे त्याच्या तोंडून ऐकावयाचे असते, हा प्रश्न पद्धतीचा नसून नीतीचा आहे.

काही वर्षांपूर्वी इंदुरातील एका गणेशोत्सवात बालगटाच्या वक्तृत्वस्पर्धेचा परीक्षक होण्याचा प्रसंग माझ्यावर आला. विषय होता पुण्यश्लोक अहिल्याबाई. एकामागून एक मुले येत होती. भाषणे घरी लिहून दिलेली, हातवारेही घरचेच. दुसरीतली एक मुलगी मात्र तिसऱ्या वाक्याला अडखळली. क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आजीने मला राजवाड्यासमोरचा पुतळा दाखवला. त्याच्यावर कबूतर बसून राहिले होते. कोणी हाकलत नव्हते. अहिल्याबाईंना कबूतर आवडत असतील." सभा हसली. विषयांतर आणि अशुद्ध भाषा अशा दोन सबबींवर आम्ही तिचे गुण कापले. त्या संध्याकाळी तेवढी एकच मुलगी बोलली, बाकीची नुसती वाजली, हे मला घरी परतताना उमगले. तोवर बक्षिसे वाटून झाली होती.

तिचे 'बसून राहिले होते' हे इंदूरच्या मातीतले मराठी. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी येथे आली आणि मराठी या गावात मुरली. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने येथे भरली. तरीही इथले मूल घरात मराठी, गल्लीत हिंदी किंवा माळवी आणि शाळेत पुष्कळदा इंग्रजी ऐकत वाढते. आजीशी कोकणी आणि देवळात मराठी आरती, अशा घरातल्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे १९५६ साली घटनेत घातलेले कलम ३५०-अ सांगते. तथापि कलमाने पुस्तकाची भाषा ठरते, ऐकणाऱ्याचा कान तयार होत नाही. मुलाच्या बोलण्यातली चूक आपणांस आधी ऐकू येते; त्याचे म्हणणे मागाहून, आणि तेही कधीकधीच.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले, हे आपण कीर्तनातून नेहमी ऐकतो. पण भागवतात हा क्रम सांगितला कोणी आणि कोणाला? शाळेत जाणाऱ्या प्रल्हादाने, आपल्या पित्याला. गुरूकडून जे उत्तम शिकलास ते सांग, असे हिरण्यकशिपूने विचारले होते. प्रश्न किती चांगला! आजही शाळेतून आलेल्या मुलाला आपण तोच विचारतो. पण त्याला हवे ते उत्तर आधीच ठरलेले होते. निराळे येताच तो प्रथम गुरूवर उखडला आणि शेवटी मुलाला त्याने मांडीवरून फेकून दिले. कठोपनिषदातला नचिकेत्याचा पिता काही राक्षस नव्हे, यज्ञ करणारा गृहस्थ. मुलाने एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारताच त्याच्याही तोंडून मृत्यूचे नाव निघाले.

यावर कोणी म्हणेल, मग पाठांतर टाकून द्यावयाचे काय? मुळीच नाही. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ यांच्या बळावर वेद अक्षरशः टिकले, आणि शुभंकरोतीने व पाढ्यांनी आमच्या पिढीची जीभ वळली. पाठांतर हा वाणीचा व्यायाम आहे. पण तालमीत नुसते दंड काढणाऱ्याला कुस्ती आली असे कोणी म्हणत नाही. वर्गात चाळीस मुले आणि तास पस्तीस मिनिटांचा. गुरुजी स्वतः एक शब्दही न बोलले तरी प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटही येत नाही. म्हणून मुलांनी दोघादोघांनी बसून एकमेकांस सांगणे आणि ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगणे, हा साधा मार्ग उरतो. वर्गात गलका होतो, हे खरे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. आधी त्यांचे घर पाहिले.

यंदाही परीक्षक होण्याविषयी मला विचारणा झाली. मी एक अट घातली. लिहून दिलेले भाषण नको. मुलाने स्वतः पाहिलेले काही सांगावे, दुसऱ्याने ते ऐकून त्याला एक प्रश्न विचारावा, आणि गुण दोघांनाही द्यावेत. मंडळी अजून विचार करीत आहेत. एका पालकाने मात्र मला देवळाच्या पायऱ्यांवरच गाठले आणि काहीशा काळजीने विचारले, "अहो, पण मग आम्ही मुलांकडून तयारी कशाची करून घ्यावयाची?"