गिऱ्हाईक नसलेला प्रश्न

औषधाची परीक्षा कोण करतो, यावर परीक्षेत कोणता प्रश्न विचारला जाणार हे पुष्कळसे अवलंबून असते. ज्या कारखानदारास गोळी विकावयाची आहे तो त्या गोळीचीच चाचणी करवील, आणि त्यात गैर काही नाही. परंतु जुने झालेले, स्वस्तात मिळणारे जेन्टामायसिनचे इंजेक्शन, शाळेत मोजक्याच इयत्ता शिकलेल्या गावातल्या स्त्रीने घरी जाऊन जंतुदोष झालेल्या तान्ह्या बाळास दिले तर ते बाळ वाचेल काय, या प्रश्नाच्या उत्तरात कोणाचाच नफा नसल्यामुळे तो विचारावयास धर्मादाय संस्थाच लागते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत स्थापन केलेल्या ‘सर्च’ने तो विचारला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या, ४७ गावांत नेहमीचीच सरकारी सेवा चालू राहिली, आणि जन्ममृत्यूंच्या नोंदी मात्र दोहींकडे ठेवल्या गेल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार आरोग्यदूतांच्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले होते.

त्या ४७ गावांपाशी मन अडखळते. तेथील बालकांचे मृत्यू नुसते मोजावयाचे, हे निर्दयपणाचे नव्हे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तथापि डॉक्टर नसलेल्या हातातील सुईने बाळ तरण्याऐवजी दगावेल ही शंका जोवर वाजवी होती, तोवर ती सुई न मिळणे ही वंचना की संरक्षण, हे निश्चयाने सांगणे कोणालाही शक्य नव्हते. आणि असा संशय प्रामाणिक असेल तरच, माझ्या मते, तुलनेला नैतिक अधिष्ठान राहते. तो फिटला की ज्यांच्या घरचे मृत्यू मोजून ज्ञान हाती आले त्यांचे ऋण सुरू होते, आणि ते फेडण्याची ताकद कोणत्याही एका संस्थेत नसून ती सरकारदरबारीच असते.

आशा कार्यकर्तीने नवजात बालकाच्या घरी जावे ही योजना भारत सरकारने देशभर लागू केली २०११ साली. मधल्या काळात आणखी पडताळण्या झाल्या, आणि एका जिल्ह्याच्या अनुभवावर साऱ्या देशाचे धोरण बेतू नये, हे मान्य करूनही बारा वर्षांची ही मुदत अवाजवी होती, असेच म्हणावे लागेल.