पोथी मिटून

माढा तालुक्यातल्या एखाद्या गावात दिवेलागणीला हरिपाठ सुरू झाला की टाळकऱ्यांच्या हातांकडे बघावं. टाळ असतात, पुस्तक नसतं. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग, फलश्रुतीचा धरला तर अठ्ठावीस, न अडखळता म्हटले जातात. यातलीच काही माणसं सकाळी किराणा आणायला गेलेली असतात आणि चार जिनसांतली एक विसरून आलेली असतात. घरी विचारलं की म्हणतात, ‘आता वय झालं, ध्यानात राहत नाही.’ वय तर हरिपाठालाही तेवढंच असतं.

हरिपाठाची मांडणीच अशी आहे की विसरायला जागा कमी. ताल आहे, त्यामुळे चुकीचा शब्द चरणात बसत नाही, लगेच खटकतो. शेजारचा आवाज आहे; आपला शब्द हरवला तर त्याच्या पहिल्या अक्षरावर आपली गाडी पुढे निघते. पण माझ्या मते खरं कारण त्या हातांतच आहे. पुस्तक नाही म्हणून रोज आतूनच काढावं लागतं.

आपण लक्षात ठेवण्यासाठी काय करतो? परत वाचतो. दहावीचा मुलगा तोच धडा चार वेळा वाचतो आणि प्रत्येक वेळी त्याला तो अधिक ओळखीचा वाटतो. ओळखीचा वाटणं आणि आठवणं यांत फार अंतर आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर हे तपासलं. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवणाऱ्यांना ६१ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री चार वेळा वाचून झोपणाऱ्याला आपण तयार आहोत असं का वाटतं, हेही यातून कळतं.

संध्याकाळी देवापाशी बसून परवचा म्हणण्याची पद्धत होती, तिच्यातही हेच होतं. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी, मग एखादं स्तोत्र, सगळं तोंडाने. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथेही पाठांतर हा शिक्षणाचा पाया राहिला. घोकंपट्टी म्हणून आपण या सगळ्याला नावं ठेवली. अर्थ न कळता घोकण्याला ती ठेवायलाच हवीत; पण पुस्तक मिटून आठवण्याची सवयही तिच्याबरोबर आपण घालवून बसलो.

तेव्हा पहिला उपाय फुकटचा आहे. दुकानात गेल्यावर यादी खिशातून काढायच्या आधी ती एकदा मनात म्हणून बघायची. आठवली नाही तर दोन क्षण ताण द्यायचा आणि मग चिठ्ठी उघडायची. वर्तमानपत्र मिटल्यावर आज काय वाचलं ते घरातल्या कुणाला तरी सांगायचं. त्या ताणामुळेच गोष्ट टिकते. अडखळलं की आपण लगेच फोन उघडतो, तिथेच सगळं वाया जातं.

दुसरी गोष्ट अंतराची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो स्वतःच पाठ करी आणि काही वेळाने पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजी. तासाभरातच ही बचत निम्म्याच्या खाली येई, दिवसभराने जेमतेम एक तृतीयांश उरे आणि पुढे मात्र घसरण मंदावे. म्हणजे सगळ्यात जास्त गळती सुरुवातीलाच. म्हणून एका बैठकीत दहा वेळा घोकण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्याने असं एकेकदा आठवलेलं बरं. हरिपाठाला हे हिशेब करावे लागत नाहीत. तो रोजच असतो.

पाठांतराची एक खोडही सांगायला हवी. हरिपाठ तोंडपाठ असलेल्याला मध्येच विचारा, अकरावा अभंग कोणता? तो बहुधा पहिल्यापासून मनात म्हणत येईल. साखळीने पाठ केलेलं साखळीनेच निघतं. मधली कडी सुटी मिळायची असेल तर सरावही मधूनच सुरू करायचा.

नावांच्या बाबतीत मात्र आपल्या भागातली माणसं सहज हुशार आहेत. लग्नात नवा माणूस भेटला की प्रश्न सुरू होतात : ‘पाव्हणं, कुठलं गाव? कुणाच्यातले? अमक्याचे कोण लागता?’ शहरातल्या माणसाला या चौकशा भोचक वाटतात. पण नुसतं नाव मनात टिकत नाही. ‘मोडनिंबचा, मामाच्या चुलत मेहुण्याचा जावई, डाळिंबाची बाग असलेला’ असा माणूस टिकतो, कारण त्याला पकडायला चार जागा असतात. नाव कळल्याबरोबर ते एकदा उच्चारून पुढचा प्रश्न विचारावा. निरोप घेताना पुन्हा नावाने हाक मारावी.

तारखांचंही तसंच. जुन्या माणसांना साल विचारलं तर आकडा क्वचित येतो. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाल्ला त्याच्या आधी का नंतर, उजनीचं पाणी यायच्या आधी का नंतर, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरला पाळण्यात होता का, असा हिशेब सुरू होतो. तो भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, गणपती बोळवून लोक झोपले होते. अशा एका पक्क्या दिवसाला आसपासची किती वर्षं टांगून राहतात! फवारणी कधी केली हे आठवत नसेल तर त्या आठवड्यात दुसरं काय घडलं होतं तिथून शोधायला लागावं.

पक्कं आठवतं म्हणजे खरंच असतं असं मात्र नाही. माढ्याची आठवण अशी की अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी पंढरपूरचा विठोबा इथे आणून लपवला होता. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात माढ्याची मूर्तीच आद्य असल्याचं मांडलं, ते गाव सांगतं एवढ्यावर नाही. मूर्तीच्या छातीवर कोरलेला मंत्र त्यांनी जुन्या माहात्म्यग्रंथातल्या वर्णनाशी ताडून पाहिला. त्यांचं म्हणणं सर्वांना पटलं नाही, पण ताडून बघण्याची रीत घेण्यासारखी आहे. उसने दिलेले पैसे, औषधाचा डोस, पाण्याची पाळी या गोष्टी आठवणीवर सोडू नयेत, लिहूनच ठेवाव्यात.

पुढे करायच्या कामांची तऱ्हा निराळी. त्यासाठी बायका पदराला गाठ मारत. संध्याकाळी गाठ दिसे, काहीतरी करायचं होतं एवढंही आठवे. काय ते मात्र कधीकधी गाठ सांगत नसे. काम ठरलेल्या कृतीला बांधलं तर ही अडचण राहत नाही. ‘गोळी घ्यायची आहे’ असं म्हणण्यापेक्षा ‘चहाचा कप खाली ठेवला की गोळी’ असं ठरवावं. किल्लीला एकच खुंटी. मोटर बंद करायची असेल तर चप्पल मोटरच्या पेटीपाशीच काढून ठेवावी. अनवाणी फार लांब जाता येत नाही.

किल्ली कुठे ठेवली हे विसरणं सगळ्यांचंच चालतं. पण रोजच्या वाटेवर माणूस चुकू लागला, तोच प्रश्न तासात पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर वयावर ढकलू नये, डॉक्टरला दाखवावं. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडची तक्रार निघाली तर तिच्यावर इलाज असतो.

आणि आषाढीला पंढरपूरला निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाने निदान एक मोबाइल नंबर पाठ करावा. एवढ्या गर्दीत चुकामूक होते, फोन पिशवीबरोबर जातो आणि मुलाचा नंबर विचारला की आजी म्हणते, ‘तो फोनमधीच हाय.’ दहा आकडे एकदम जड जातात, पाच-पाचाचे दोन तुकडे केले की जिभेवर बसतात. आठवडाभर रोज एकदा नावावर बोट न ठेवता आकडे दाबून फोन लावायचा. पलीकडून पोरगा विचारेल, ‘काय काम होतं?’ काम काही नाही म्हणून सांगावं.