उसनी उंची

कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हिस्लर नावाचा डोंगर आहे. हिवाळ्यात तेथे लोक बर्फावरून घसरतात. उन्हाळ्यात बर्फ वितळले, की त्याच झाडीतल्या उतारांवरून सायकली सुटतात. १९९९ पासून त्यांच्यासाठी तेथे खास वाटा आहेत. गंमत अशी, की चढण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाही. तारेवरून चालणारा पाळणा स्वाराला सायकलीसकट वर नेऊन सोडतो.

सुटीत घरी आलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने हे सांगितले, तेव्हा मी शिक्षकी थाटात म्हणालो, "न चढता मिळालेला उतार कसला रे?"

तो हसला. "गुरुजी, पाळणा उंची देतो, तोल देत नाही. तो ज्याचा त्यालाच सांभाळावा लागतो."

मी गप्प झालो. निकाल चांगला लागावा म्हणून मी वर्षानुवर्षे मुलांना तयार उत्तरे लिहून दिली आहेत. मुले वर पोचली. पुढच्या उतारावर किती कोसळली, हे मी कधी विचारले नाही.

दुसऱ्याला उंची देणे हे पाप नव्हे. आईबाप तरी दुसरे काय करतात? पण त्या डोंगरावर सोप्या वाटेला हिरवा, अवघड वाटेला काळा रंग देऊन ठेवलेला असतो. मी तेवढेही केले नाही. मी नुसता पाळणा झालो.